शंभरातले पंधरा रुपये: तिसऱ्या गेटाजवळच्या पगार स्लिपवाल्या काकांकडचा अनुभव

बोर्डावर वर कन्नड, खाली इंग्रजी. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. मराठी अक्षर एक नाही. आत पाऊल टाकलं की मात्र पहिला प्रश्न मराठीतच येतो, "काय वो, किती कॉप्या?" बेळगावला टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, बोळात चार पावलं आत शिरल्याशिवाय दिसणार नाही असं हे दुकान आहे. मी कॉप्या काढायला गेलो नव्हतो. झेरॉक्सच्या मशीनमागं एक लाकडी टेबल आहे आणि त्यावर बसणारे काका पगाराच्या स्लिपा वाचून देतात, असं आमच्या कंपनीतल्या दोघांनी सांगितलं होतं. स्लिपा वाचायला माणूस कशाला लागतो, असं मलाही वाटलं होतं.

मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, व्हीएमसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सेटर आहे, मशीन कामाला लावून द्यायचं काम माझं. कंपनीचं नाव घालत नाही, कारण सध्या कराराची बोलणी चालू आहेत. आमचा चार वर्षांचा करार ३१ मार्च २०२५ ला संपला, मागणीपत्र देऊन झालं, आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नाही. असाच एकदा विषय निघाला आणि मी जरा जास्त बोललो. म्हटलं, युनियननं मला काय दिलं? मी हेल्परसारखा लागलो, स्वतः प्रोग्रॅमिंग शिकलो, आज सेटर आहे. पगार वाढला तो माझ्या हातातल्या कामामुळं. समोर आमचे मोल्डिंगचे एक जुने अण्णा बसले होते. ते भांडले नाहीत. ताटातला भात कालवत एवढंच म्हणाले, "स्लिपा हाईत न्हवं घरात? घेऊन जा काकांकडं. कोण खरं ते कळंल."

स्लिपा होत्या. आमच्या आईला कागद टाकवत नाही, त्यामुळं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळ्या. एप्रिल २०१२ ला मी परमनंट झालो, तेव्हापासून मार्च २०२५ पर्यंत तेरा वर्षं, म्हणजे १५६ स्लिपा व्हायला हव्यात. मोजल्या तर १४९. त्याच्या जोडीला २०१३, २०१७ आणि २०२१ च्या तीन करारांच्या झेरॉक्स, युनियन ऑफिसातनं मागून घेतलेल्या.

काकांचा दर असा: एका वर्षाच्या स्लिपांना ४० रुपये, एक करार वाचून समजावून सांगायला १५०. माझे ५२० आणि ४५० मिळून ९७० झाले, त्यांनी ९५० घेतले. रोख. गूगल पे नाही, फोनपे नाही. पुढं झेरॉक्सवाल्या पोराकडं स्कॅनर आहे, खरं ते पैसे दुकानाचे, काकांचे वेगळे. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि तीन आठवडे लावले. दोनदा हेलपाटा पडला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी कौतुक बरंच करणार आहे.

काका स्वतः युनियनवाले नाहीत, हे मला नंतर कळलं. एकतीस वर्षं उद्यमबागेतच एका कंपनीच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. म्हणजे स्लिपा बनवणारा माणूस. कुठल्या रकान्यात काय लपतं, हे त्यांना आतून माहीत. करार असतात इंग्रजीत, कामगार खात्याचे कागद कन्नडात, आणि वाचणारे आम्ही मराठी शाळेत शिकलेले. सीमाभागात पिढ्यान् पिढ्या आपल्याच पगाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सवय आहे. बहुतेक वेळा वाचणारा सांगतो ते एक वाक्य असतं: "एवढे वाढले, सही कर." काका तसं करत नाहीत.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. कॉम्प्युटर समोर आहे, पण हिशोब लांब हिशोबाच्या वहीत. एक स्लिप घेतात, आधीच्या महिन्याची तिच्या डाव्या हाताला ठेवतात, फूटपट्टी आडवी धरून एकेक ओळ खाली सरकवत जातात. आकडा तोच असेल तर काही नाही. आकडा बदलला की तांबडी पेन्सिल आणि एकच प्रश्न, "का वाढलं?" उत्तर मिळाल्याशिवाय पट्टी पुढं सरकत नाही. वहीत पाच रकाने: करार, व्हीडीए (महागाईप्रमाणं बदलणारा भत्ता), इन्क्रिमेंट, ग्रेड आणि शेवटचा ‘खास’. प्रत्येक वाढलेला रुपया या पाचांपैकी एकात बसवायचाच.

२०२० च्या शेवटच्या स्लिपांवर पट्टी बराच वेळ थांबली. तेव्हा आमच्या शॉपमध्ये गोंधळ झाला होता. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो एकदम ३३८ वरून ११८ वर आला होता. पोरं म्हणाली, लॉकडाउनच्या नावाखाली डीए कापला. काकांनी वहीच्या कोपऱ्यात दाखवलं: लेबर ब्युरोनं निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ वर आणला. नव्या आकड्याला २.८८ नं गुणलं की जुना मिळतो. ११८ गुणिले २.८८ करून बघ. ३४० च्या आसपास आलं. म्हणजे भत्ता कापलेला नव्हता, नुसती मोजपट्टी बदलली होती. पाच वर्षं ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, कंपनीनं नाही आणि युनियननंही नाही.

आता निकाल. एप्रिल २०१२ ला माझा एकूण पगार ७,२०० होता. मार्च २०२५ ला २७,४५०. वाढ २०,२५०. काकांच्या वहीत ती अशी फुटली: तीन करारांतनं १०,५०० (२०१३ ला २,४००, २०१७ ला ३,६००, २०२१ ला ४,५००). व्हीडीए ५,३५०. वार्षिक इन्क्रिमेंट १,४००. ग्रेड बदलले म्हणून २,१००. आणि ‘खास’च्या रकान्यात ९००.

मी वही हातात घेऊन दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

ज्याला मी माझ्या हातातलं काम म्हणत होतो ते म्हणजे शेवटचे दोन रकाने, मिळून ३,०००. शंभर रुपये वाढले असतील तर त्यातले पंधरासुद्धा पुरते माझे नाहीत. बाकीचे पंच्याऐंशी माझ्या शेजारच्या मशीनवर दिवसभर मोबाइल बघणाऱ्यालाही मिळाले. काका माझ्या तोंडाकडं बघून हसले. म्हणाले, "थांब, अजून कमी करतो." आणि २०१३ च्या कराराचं परिशिष्ट काढलं.

त्यात ग्रेडचा तक्ता आहे. अ म्हणजे हेल्पर, तिथनं ई पर्यंत. एका ग्रेडमध्ये तीन वर्षं झाली की ट्रेड टेस्ट मागायचा हक्क, पास झालं की वरचा ग्रेड आणि बेसिकमध्ये ठरलेली वाढ. मी २०१५ ला ब वरून क मध्ये गेलो तेव्हाचे ९०० आणि २०२० ला ड मध्ये गेलो तेव्हाचे १,२००, दोन्ही आकडे या तक्त्यातले. "२०१३ च्या आधी हा तक्ता नव्हता," काका म्हणाले. "तवा फोरमनच्या मनात आलं तर ग्रेड. आता सांग, टेस्ट तू दिलास, खरं टेस्ट घ्यायलाच लागंल असं कुणी लिहून घेतलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या बरोबरीनं लागलेला एक मित्र दुसऱ्या कंपनीत माझ्यापेक्षा चांगला टर्नर आहे. त्याच्याकडं असा तक्ता नाही. अकरा वर्षं तो त्याच ग्रेडमध्ये आहे.

राहता राहिले ‘खास’चे ९००. ते मात्र निव्वळ माझे. २०२२ ला मच्छेच्या एका कारखान्यानं मला बोलावलं होतं. मॅनेजरना कळल्यावर आधी ५०० आणि पुढच्या वर्षी ४०० असा स्पेशल अलाउन्स लागला. मला त्याचा भलताच अभिमान. काकांनी विचारलं, पत्र आहे? होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि एका ओळीखाली तांबडी रेघ मारली. पुढच्या कोणत्याही वेतनवाढीत ही रक्कम समायोजित करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील, असा तिचा अर्थ. म्हणजे उद्या नव्या करारात सगळ्यांना ४,००० वाढले, तर कंपनी मला म्हणू शकते, तुला त्यातले ९०० आधीच दिलेत, आता ३,१०० घे. मी एकट्यानं जे मिळवलं ते सगळ्यांच्या वाढीत विरघळून जाणार, आणि माझी सही त्याच्या खाली आहे.

माझ्या मते ९५० रुपयांतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. दुसऱ्याच दिवशी युनियन ऑफिसात जाऊन सांगितलं, मसुद्यात एक ओळ घाला, वैयक्तिक भत्ते समायोजनात धरायचे नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, असे भत्ते असणारे किती जण आहेत? मोजले तर एकवीस निघाले. एकमेकांना कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच शहाणे.

सगळं कौतुक करारांचं नाही. २०१३ च्या करारात सगळ्यांना सरसकट २,४०० दिले. तेव्हा हेल्परला ६,००० होते आणि आमच्यातल्या जुन्या सेटरला १२,०००. हेल्परचे ८,४०० झाले, सेटरचे १४,४००. एकाला शंभरावर चाळीस वाढले, दुसऱ्याला वीस. दुप्पट होता तो फरक पावणेदोनपटीच्याही खाली आला. तीन करार असेच झाले तर शिकायचं कशाला? व्हीडीएचंही तेच, निर्देशांकाच्या एका पॉइंटला ठरावीक रुपये, सगळ्यांना सारखे. हे मी काकांना जरा तावातच विचारलं. ते म्हणाले, मतं हेल्परची जास्त असतात, म्हणून सरसकट. मॅनेजमेंटलाही बरं, कारण सेटर काय, गरज पडली की बाजूला बोलावून स्पेशल देता येतो. मग हातानंच खूण केली: वर सरसकट, खाली गुपचूप. त्यांचं म्हणणं, हे दोन्ही एकाच कागदात यायला पाहिजेत.

तसं एक उदाहरण आमच्या घरातच आहे. वहिनी सरकारी बँकेत क्लार्क. त्यांचा करार देशभराचा, बँकांची असोसिएशन आणि युनियना मिळून करतात. १९६६ पासून चालू आहे, आतापर्यंत बारा झाले. बारावा ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्क्यांची वाढ, लागू मात्र १ नोव्हेंबर २०२२ पासून. वहिनींनी बँकिंगची परीक्षा दिली, पास झाल्या, इन्क्रिमेंट मिळालं. ते कुणाच्या मर्जीनं नाही, परीक्षा पास झाल्यावर काय मिळायचं ते नियमात लिहिलेलं आहे. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या मागणीपत्रात तसं काय हाय का? व्हीएमसी शिकला, सीएमएम शिकला, तर किती?" (सीएमएम म्हणजे मोजमापाचं मशीन.) नव्हतं. आता घातलंय. कंपनी मानेल असं वाटत नाही, पण घातलंय.

भाव वाढले त्याचं काय, हाही हिशोब त्यांनी न मागता करून दिला. एप्रिल २०१२ ला निर्देशांक जुन्या पायावर २०५ होता. मार्च २०२५ ला नव्या पायावर १४३, म्हणजे जुन्या हिशोबात ४११ च्या वर. किमती दुप्पट. तेव्हाच्या ७,२०० ला जे येत होतं त्याला आज १४,४०० च्या वर लागतात. माझा व्हीडीए सगळा धरला तरी ७,२०० अधिक ५,३५०, म्हणजे १२,५५०. करार झालेच नसते आणि नुसता महागाई भत्ता मिळत राहिला असता, तर तेरा वर्षांनी मी महिना १,९०० रुपयांनी मागं गेलो असतो. "भत्ता म्हणजे पाय रोवून उभं राहायला," काका म्हणाले, "खरं तुझा पायपण जरा घसरायलाच लागलाय."

२०२१ च्या करारावर मात्र त्यांनी मला चांगलंच झापलं, जणू सही मीच केली होती. करार डिसेंबरमध्ये झाला, लागू एप्रिलपासून. पहिल्या टप्प्याचे २,००० धरून आठ महिन्यांचे १६,००० एरियर्स दोन हप्त्यांत मिळाले. आम्ही पेढे वाटले, मी फ्रिज घेतला. काकांनी तो आकडा फोडून दाखवला: ४,५०० पैकी बेसिकमध्ये फक्त १,२००. उरलेले ३,३०० वेगवेगळ्या भत्त्यांत. भत्त्यावर ग्रॅच्युइटी नाही. बेसिक आणि डीएच्या सव्वीसांश गुणिले पंधरा गुणिले नोकरीची वर्षं, हा हिशोब. अठ्ठावन्नपर्यंत माझी चौतीस वर्षं भरतील. ३,३०० बेसिकमध्ये नसल्यानं निवृत्तीच्या दिवशी ६४,००० च्या वर कमी मिळतील. हे आम्हाला कुणी फसवून केलेलं नाही. बेसिक वाढलं की पीएफही जास्त कापला जातो, हातात कमी येतं, म्हणून आमच्याच पोरांनी भत्ते मागितले होते. मीही त्यात होतो.

आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. त्याची पगाराची मर्यादा २१,००० ची. करारापूर्वी माझे २०,१०० होते, महिना दीडशे रुपये कापले जायचे आणि घरच्या सगळ्यांचा दवाखाना त्यात व्हायचा. करारानं २२,१०० झाले. मार्च २०२२ पर्यंत पैसे कापले गेले, मग कपात बंद आणि वर्षाखेरीस कार्डही बंद. पुढच्या वर्षी बायकोचं थायरॉइडचं ऑपरेशन निघालं. एरियर्सचे १६,००० कुठं गेले ते सांगायला नको. फ्रिज राहिला. करार करताना असे मर्यादेच्या काठावर उभे असणारे आमच्यात चाळीसेक जण होते, आणि ग्रुप इन्शुरन्सची मागणी तेव्हा पहिल्याच बैठकीत सोडून दिली होती. काकांनी हे तारखेसकट ओळखलं, नुसत्या ईएसआयच्या रकान्यात शून्य आलेलं बघून.

एक कबुली देतो, कारण त्यांनी तीही शोधून काढली. २०१६ ते १७ मी युनियनची पावती फाडली नव्हती. कशावरून तरी भांडण झालं होतं. वर्गणी महिना पन्नास. "पावती न्हाई, तरी २०१७ ची वाढ घेतलास की," म्हणाले. घेतली होती. तो करार लेबर ऑफिसरसमोर, कलम बारा-तीनखाली झाला होता. तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असा करार सगळ्यांना लागू, सभासद असो नसो, उद्या लागणारा असो. दोघांनी आपापसात टेबलावर केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. म्हणून शहाणी युनियन आपापसात ठरल्यावरही कागद घेऊन लेबर ऑफिसात जाते. माझ्यासारख्या फुकट्यांचं त्यात फावतं.

करार संपून वर्ष होत आलं तरी जुनी वाढ, भत्ते का थांबत नाहीत, हेही विचारलं. काकांना १९८० चा एलआयसीच्या बोनसचा खटला पाठ आहे. मुदत संपली म्हणून करार मरत नाही, नवा येईपर्यंत जुनाच चालतो, असं सुप्रीम कोर्टानं तेव्हा सांगितलं. इथं त्यांची गाडी लांब जाते. एलआयसीवरून गिरणी संपावर, १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, मग चंदगड-खानापूर पट्ट्यातनं गिरणगावात गेलेली आणि संपानंतर परत आलेली माणसं. माझे मामा त्यातलेच, त्यामुळं मला ऐकायला बरं वाटलं. पण माझ्यामागं थांबलेला माणूस घड्याळ बघत होता. घाई असेल तर गिरणीचा ग पण काढू नका.

सीमेपलीकडचं आणि इकडचं गणित वेगळं आहे, हेही तिथंच कळलं. माझा चुलत भाऊ कोल्हापूरला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा, तीस टक्के सभासद असलेली युनियन कोर्टातून मान्यता घेऊ शकत होती. इकडं तसा कायदा नव्हता. आमच्याकडं दोन युनियना, मॅनेजमेंट सोयीनं कधी हिच्याशी बोलणार, कधी तिच्याशी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे नवे कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, आले. आता दोन असतील तर ज्या युनियनकडं एकावन्न टक्के कामगार ती बोलणी करणार. कुणाकडंच नसतील तर वीस टक्के किंवा जास्त असलेल्यांची मिळून कौन्सिल. आमच्यातल्या मोठीकडं एकावन्न आहेत का, यावर सध्या गेटवर रोज मोजणी चालू आहे. काका यात पडत नाहीत. "मतं मोजायचं काम माझं न्हाई, रुपयं मोजायचं."

मेहुण्याच्या स्लिपाही मी नेल्या होत्या. तो पिरनवाडीत राहतो, युनियन नसलेल्या ठिकाणी काम करतो. सात वर्षांत तीन कंपन्या बदलल्या आणि प्रत्येक वेळी बोलून पगार वाढवून घेतला. आज ३१,०००, माझ्यापेक्षा साडेतीन हजारांनी जास्त. पोरगा बोलायला हुशार आहे हे मान्य. काकांनी त्याची एकच स्लिप बघितली: बेसिक आणि डीए मिळून १३,५००, बाकी सगळे भत्ते. माझे तेच १९,२००. नव्या कोडप्रमाणं भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात धरायचा, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी त्याचे १५,५०० धरले जातील. तेवढा त्याला फायदा. पण दर वेळी नोकरी बदलताना आधीची वर्षं मागं राहतात, पाच भरली नाहीत तर त्यांची ग्रॅच्युइटी सहसा मिळत नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, अठ्ठावन्नचं अठ्ठावन्नला बघू, आता हप्ता आहे. तोही चुकीचं बोलत नाही. काकांच्या वहीत त्याच्या बाजूचा रकाना नाही, हे मला खटकलं. हातात आज पडणाऱ्या रुपयाला ते जरा कमीच लेखतात.

आणि एकाला तर त्यांच्याकडं नेऊन उपयोगच नाही. माझ्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला कॉन्ट्रॅक्टचा पोरगा आहे, खानापूर भागातला. काम तेच, जॉब तेच. करारात पहिल्याच पानावर ‘कायम कामगार’ अशी व्याख्या आहे, त्यात तो बसत नाही. दर एप्रिलला किमान वेतनाचा व्हीडीए वाढतो तेवढाच त्याचा वाढतो. त्याची स्लिप काकांनी पट्टीखाली धरली, दोन वर्षांच्या दोन ओळी सरकवल्या आणि परत दिली. पैसे घेतले नाहीत.

आता जाणाऱ्यांसाठी. संध्याकाळी साडेसहाच्या पुढं जा, दुपारी काका नसतात आणि झेरॉक्सवाला पोरगा "बसा, येतील" म्हणून तासभर बसवतो. बसायला एकच स्टूल, त्याचा एक पाय आखूड. मोबाइलवरचे फोटो चालत नाहीत, कागद पाहिजे. ऑनलाइन स्लिप असेल तर आधी प्रिंट काढा, तीही त्याच दुकानात, म्हणजे दुकानाचा धंदा होतो. हिशोब टाइप करून देत नाहीत, वहीच्या पानाची झेरॉक्स देतात, आणि त्यांचा ७ कधी कधी १ सारखा दिसतो. माझ्या हिशोबात एका महिन्याचा हजेरी बोनस त्यांनी इन्क्रिमेंटमध्ये धरला होता, मी दाखवल्यावर रबर घेऊन लगेच सुधारला. तेवढी चूक. अर्ज, दावा, कोर्टाचं काही असेल तर सरळ सांगतात, वकील बघ. पाचात चार देईन, एक उशिरासाठी कापला.

अण्णांना मी कॅन्टीनमध्ये वहीच्या पानाची झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा वर करून फक्त शेवटचा रकाना वाचला आणि विचारलं, "हे नऊशे कधीपास्नं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, त्यांचेही सहाशे आहेत हे मला त्या एकवीस जणांच्या यादीत नंतर दिसलं.

पिशवी परत घेताना स्लिपा मोजल्या तर १४८ भरल्या. ऑगस्ट २०१६ ची नाही. काका म्हणाले, टेबलाच्या खणात कुणाच्या तरी गठ्ठ्यात गेली असेल, सापडली की फोन करतो. अजून आला नाही.